या घरात राहायचं की निघायचं?

मैत्रिणींनो, मुलांची उंची भिंतीवर पेन्सिलीने खूण करून मोजायची पद्धत तुमच्याकडे आहे का? आमच्याकडे आहे. माजघराच्या दाराशेजारी माझ्या दोन्ही मुलींच्या खुणा आहेत. आणि त्याच भिंतीवर आणखी तीन रेघा आहेत, मामंजींनी खिळ्याने कोरून ठेवलेल्या. सगळ्यांत खालची २००५ ची, ती माझ्या गुडघ्याशी येते. मधली २०२१ ची, कमरेच्या जरा खाली. आणि वरची २०१९ ची, थेट हनुवटीशी. या कृष्णामाईच्या रेघा! परवा धाकटीची उंची मोजताना थोरली म्हणाली, "आई, हिला २०१९ गाठायला अजून किती वर्षं लागतील गं?" दोघी खो खो हसल्या. माझी मात्र तव्यावरची भाकरी करपली.

आमचं घर सांगलीच्या गावभागात, नदीपासून चालत दहा मिनिटांवर. जुनं, दगडी जोत्याचं, वर माडी. लग्न होऊन आले तेव्हा माहेरच्या बायका म्हणाल्या होत्या, "नशीबवान आहेस, दारात नदी!" त्यांचंही खरंच होतं. माझं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या बाजूचं. तिथे दारात नदी म्हणजे काय ते स्वप्नात बघायचं. आता गेली काही वर्षं आमच्या घरात एकच विषय आहे. हे म्हणतात, घर विकून विश्रामबागेकडे उंचावर जाऊ. मामंजी म्हणतात, "मी इथंच जन्मलो." सासूबाई काहीच म्हणत नाहीत, जून लागला की हळूच लोणच्याच्या बरण्या माडीवर नेऊन ठेवतात. आणि मी? मी दोन्ही बाजूंची. म्हणूनच आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. तिथे पंचेचाळीस फूट म्हणजे धोक्याची पातळी, म्हणजे धोक्याच्याही वर बारा फूट. सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांतून मिळून चार लाखांहून अधिक माणसं घराबाहेर काढावी लागली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं घेऊन निघालेली बोटच उलटली, ते अजून कोणी विसरलेलं नाही. आम्ही पाच दिवस एका शाळेच्या वर्गात होतो. मी शिक्षिका, पण वर्गात फरशीवर झोपायची वेळ पहिलीच. चहूकडे पाणी आणि प्यायला घोटभर नाही. अंग धुवायला आडोसा नाही, ओले कपडे वाळायला जागा नाही, आणि महिन्याची अडचण आलेल्या मुली कोपऱ्यात तोंड लपवून बसलेल्या. शहराला पूर येतो तेव्हा बाईच्या वाट्याला काय येतं ते पेपरात छापून येत नाही.

त्याच वर्गात आमच्या शाळेतल्या मावशी होत्या. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत त्या घंटा देतात, पाणी भरतात, वर्ग झाडतात. वय साठीच्या आसपास. त्यांचं घर सखल भागातल्या एका वसाहतीत होतं, ते त्या पुरात बसलंच. दुसऱ्या रात्री झोप येईना म्हणून त्या बोलत राहिल्या, मी ऐकत राहिले.

मावशींचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात, सातारा जिल्ह्यात. कोयनेचं धरण आपण शाळेत शिकलो ते वीज आणि शिवसागर एवढंच. १९५० च्या दशकात काम सुरू झालं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला खोऱ्यात पाणी भरू लागलं. आज त्यात १०५ टीएमसी पाणी मावतं. त्या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावं गेली किंवा उठली. माणसं पांगली, कोणी सोलापूरकडे, कोणी कोकणात, कोणी आमच्या सांगली जिल्ह्यात. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्रात तो पहिल्यांदा झाला १९७६ साली, म्हणजे धरण भरून पंधराएक वर्षं उलटल्यावर! मावशींची आई तेव्हा पोटुशी होती. भाताच्या, नाचणीच्या, धो धो पावसाच्या मुलखातली ती बाई जिल्ह्याच्या पूर्वेला जोंधळ्याच्या माळावर येऊन पडली. जमीन मिळाली, पण पाणी नाही. आजी म्हणे शेवटपर्यंत भातासाठी रडायची. जोंधळ्याची भाकरी तिच्या घशाखाली उतरायची नाही.

पुढे १९७२ चा दुष्काळ. मावशी तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. आईबरोबर खडी फोडायला जायच्या. ('रोजगार हमी'ची कल्पना मांडणारे वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, हे आपल्या मुलांना सांगतं का कोणी? पहिला प्रयोगही १९६९ साली तासगावातच झाला. आज देशभर लाखो बायका ज्या कामावर जातात, त्याचं मूळ आपल्या जिल्ह्यात आहे.) वडिलांनी जमीन टाकली आणि बिगारी करायला मिळेल त्या गावी हिंडत राहिले. मावशी लग्नानंतर सांगलीत आल्या, पै पै जमवून दीड गुंठा घेतला, पत्रा टाकला. आणि २०१९ ला तोही गेला.

त्या रात्री त्या म्हणाल्या, "बाई, पाणी आलं म्हणून आजा उठला, पाणी न्हाई म्हणून बाप उठला, आन् आता पुन्यांदा पाणी आलं म्हणून मी."

मला काही बोलताच आलं नाही.

आता त्याच वर्गातली दुसरी गोष्ट. एक बाई, चांगल्या शिकलेल्या, चार लेकरं घेऊन बसलेल्या एका कुटुंबाकडे बघून मला हळूच म्हणाल्या, "माणसंच फार झालीत हो. मग निसर्ग असा सूड घेतो." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित बोललाही असाल. मीही बोलले आहे. पण घरी आल्यावर विचार केला. माझ्या आजीला नऊ मुलं झाली, पाच जगली. आईला आम्ही तिघं. मला दोन. आपल्या बायकांनी तर आपलं काम केलं की! २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं निघाली १.७. लोकसंख्या आहे तेवढीच राहायला २.१ लागतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली, सातारा जिल्ह्याची सात टक्केसुद्धा नाही. २०२३ साली भारत चीनच्या पुढे गेला हे खरं, पण ती वाढ मागच्या पिढ्यांच्या पाळण्यांमधून आलेली आहे. आपल्या घरातले पाळणे कधीच थांबलेत.

आणि ते थांबवताना आपण काय केलं, तेही लपवायला नको. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे मुली नऊशेसुद्धा नव्हत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात साताऱ्यात 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. 'नकुशी' म्हणजे नको असलेली. लहान कुटुंब आलं, पण कोणाला वगळून आलं ते त्या नावात लिहिलेलं होतं. दोन मुलींची आई म्हणून हे लिहिताना माझा हात जरा जड होतो.

सातारची लोकसंख्या वाढली नाही याचं दुसरं कारण साधं आहे. माणसं निघून गेली. पाटण-जावळीचे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, मग बाजारात माथाडी म्हणून ओझी वाहायला. खानापूर-आटपाडीकडचे गलाई कामगार सोनं-चांदी गाळायला देशाच्या कानाकोपऱ्यात. काही तर इतके लांब की पत्र लिहायचं तर पत्ता कोणत्या भाषेत लिहावा हा प्रश्न! आज त्यांचे बंगले विट्याच्या आसपास दिसतात आणि आपण म्हणतो, काय नशीब! पण पहिला माणूस घरातून निघाला तो विहीर आटली म्हणून. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त दुष्काळाने अख्खी वाडी उठते. ते पुस्तक १९५५ सालचं. म्हणजे ज्याला आज मोठमोठ्या परिषदांत 'हवामानामुळे होणारं स्थलांतर' म्हणतात, ते आमच्या माणदेशात कोणालाच नवीन नाही. फक्त त्याला नाव नव्हतं.

माझंच सांगते. २०१३ साली, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, मी माहेरी गेले तर घराला कुलूप! आई चुलत्यांकडे आणि वडील जनावरांच्या छावणीत. दोन बैल आणि एक गाय घेऊन ते सहा महिने छावणीत राहिले. मला भेटले ते तिथेच, ताडपत्रीच्या सावलीत. लेकीला द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं, तर शेजारच्याकडून अर्धा पेला दूध मागून चहा केला. सातारा हा एकच जिल्हा, बरं का! एका टोकाला महाबळेश्वर, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. दुसऱ्या टोकाला माझं माहेर, त्याचा दहावा हिस्सासुद्धा कसाबसा. अलीकडे उरमोडीचं आणि टेंभूचं पाणी उचलून दुष्काळी भागात आणलं, त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं पाणी परिषदा घेतल्या, मोर्चे काढले. आटपाडीच्या माळावर हिरवं दिसायला लागलं. पोरं परत आली असंही काही गावांत झालं. म्हणजे पाणी नीट वाटलं तर माणूस राहतो, हेही आपण डोळ्यांनी पाहिलंय.

आणखी एक आठवण. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. आम्ही सगळ्यांनी किती कौतुकाने बघितलं होतं! कृष्णेचं ते पाणी. तीनच वर्षांनी त्याच कृष्णेने माझ्या कपाटातली लग्नातली पैठणी गाळात घातली.

असं का होतंय? वर्गात मी मुलांना सांगते तेच सांगते. तापलेल्या हवेत वाफ जास्त मावते, एका अंशाला सुमारे सात टक्के जास्त. अरबी समुद्र तापतोय. मग पाऊस महिनाभर संथ पडण्याऐवजी दोन दिवसांत कोसळतो आणि मग पंधरा दिवस तोंड फिरवतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस पडला. माझ्या माहेरी वर्षभरात पडतो त्याहून जास्त, एका दिवसात! त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला डोंगर खाली आला. झोपेतली माणसं गेली. जी वाचली त्यांना त्या डोंगराकडे बघत पुन्हा तिथेच राहा असं कोण सांगणार?

पण सगळा दोष आभाळावर ढकलून चालणार नाही. नदीला पसरायला ज्या सखल जागा होत्या, ओत होते, नाले होते, तिथे आम्ही घरं बांधली. सांगलीत शामरावनगरसारख्या काळ्या मातीच्या भागात गुंठा-गुंठा करून वस्ती झाली. २००१ साली राज्याने गुंठेवारीचा कायदा करून अशा घरांना नियमित करायची सोय केली. का आले लोक तिथे? माळावर पाणी नाही म्हणून शहरात आले, आणि शहरात उंचावरची जागा परवडली नाही म्हणून खाली बसले. मावशींसारखे. तेव्हा माणसं 'फार' झालीत की माणसांना राहण्याजोगी जागा कमी झालीय, हे तुम्हीच ठरवा. आणि धूर म्हणाल तर एक अमेरिकन माणूस वर्षाला जेवढा कर्बवायू सोडतो, तो आपल्याकडच्या सरासरी माणसाच्या सुमारे सातपट आहे. चार लेकरं घेऊन बसलेल्या त्या बाईच्या घरात तर फ्रीजसुद्धा नव्हता!

जागतिक बँकेचा २०२१ चा एक अहवाल म्हणतो, काहीच केलं नाही तर २०५० पर्यंत जगात २१ कोटींहून अधिक माणसांना आपल्याच देशात घर सोडून दुसरीकडे जावं लागेल, त्यातली चार कोटी आपल्या दक्षिण आशियातली. २०५० म्हणजे माझी धाकटी तेव्हा माझ्याच वयाची असेल. तुवालू म्हणून प्रशांत महासागरात एक इवलासा देश आहे, सगळी मिळून दहा-अकरा हजार माणसं, म्हणजे आपलं एखादं मोठं गाव. समुद्र वर चढतोय म्हणून त्यांनी २०२३ साली ऑस्ट्रेलियाशी करार केला, वर्षाला २८० माणसं तिकडे जाऊन राहू शकतील. आपला नंबर २८० मध्ये लागला नाही तर? मला त्या बायकांची फार आठवण येते, न पाहिलेल्या असूनही. लोणच्याच्या बरण्या त्या कुठे ठेवत असतील?

कायदा मात्र अजून मावशींच्या आजोबांच्या वेळेसारखाच आहे. धरणासाठी उठवलं तर आज कायदा आहे, कागद आहे. पूर आणि दरडीने उठलात तर तातडीची मदत मिळते, सानुग्रह अनुदान मिळतं, पण दुसरीकडे कायमचं घर हा हक्क नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारातही छळामुळे पळालेला माणूस बसतो, पुरामुळे उठलेला बसत नाही.

आणि जे काही मिळतं ते ज्याच्या नावावर घर त्याला. मावशींच्या आत्या विधवा होत्या, कोयनेत त्यांच्या नावावर काहीच नव्हतं, म्हणून त्या मोजल्याच गेल्या नाहीत. भावाच्या दारात आयुष्य काढलं. शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम चालवून बायकांची नावं सातबाऱ्यावर लावायला सांगितली, ती उगीच नाही. मैत्रिणींनो, आज संध्याकाळी तुमच्या घराच्या उताऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. मी बघितलं. माझं नव्हतं. हे म्हणाले, "त्यात काय एवढं, लावू की." दोन वर्षं 'लावू की' चाललं, शेवटी मी स्वतः अर्ज लिहून सहीला पुढे केला.

पुराने शिकवलेल्या दोन-चार गोष्टी इथेच सांगून टाकते. कागदपत्रं, मुलांचे दाखले, बँकेची पुस्तकं घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि बरणी एकाच ठरलेल्या पिशवीत. आमच्या शेजारणीने सगळं जपून लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवलं होतं, लगदा झाला. निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढून. पाणी ओसरल्यावर भिजलेलं पीठ आणि गहू वाळवून वापरायचा मोह होतो, करू नका, जीवावर बेततं. शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, फुटाणे आणि पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन जुलै-ऑगस्टात माडीवर असू द्या. मुलींसाठी घडी घातलेल्या कापडांची किंवा पॅडची वेगळी पिशवी ठेवा, ती कोणी मागून देत नाही.

आता आमच्या घराचं. विकायला काढलं तर गिऱ्हाईक येतं, भिंतीवरच्या रेघा बघतं आणि चहा पिऊन जातं. मामंजींना मी म्हटलं, रेघांवर चुना तरी मारू. ते म्हणाले, "घेणाऱ्याला फसवायचं? त्याच्याही पोरी असतील." त्यापुढे मी काय बोलणार!

शेवटी मधली वाट काढलीय. या वर्षी जुलै-ऑगस्ट असे दोन महिने विश्रामबागेत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सासूबाई आणि मुली तिकडे, हे आणि मी येऊन-जाऊन, मामंजी इथेच माडीवर. भाडं भरायचं म्हणून मी संध्याकाळच्या दोन शिकवण्या वाढवल्यात. मावशींना दुसऱ्या खोलीत राहायला बोलावलं, तर म्हणाल्या, "सामान काय आणू?" मी म्हटलं, जे असेल ते. त्या एक ट्रंक घेऊन आल्या. ट्रंकेत आईच्या आईचा नाचणी दळायच्या जात्याचा खुंटा आहे. जातं तिकडेच पाण्याखाली राहिलं.